पोटखराब्यातला बेडूक

माझ्या मामांच्या सातबाऱ्यावरचा एक आकडा कधी बदलत नाही. भाताच्या खाचरांची वाटणी झाली, वरकस जमिनीत काजू लागला, एक तुकडा विकला गेला, तसतसे बाकीचे आकडे खालीवर झाले. 'पोटखराब (अ)' या रकान्यातला सड्याचा, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठाराचा, आकडा मात्र आजोबांच्या वेळी होता तसाच आहे. शाळेत असताना मी मामांना या शब्दाचा अर्थ विचारला होता. "सड्यार काय पिकना नाय. दगडच तो," एवढं बोलून ते गोठ्याकडे गेले. त्यात तक्रार नव्हती. जे कागदावर लिहिलं होतं तेच त्यांनी आपल्या भाषेत सांगितलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी, मे महिन्याच्या अखेरीस, आंबोलीत एका रात्री मी सड्यावर उभा होतो. दुपारी वळिवाची मोठी सर पडून गेली होती. जांभा अजून आतून गरम होता आणि त्याच्या खळग्यांत ओंजळभर, कुठे घमेलंभर पाणी साचलं होतं. बॅटरीच्या उजेडात एका खळग्याच्या कडेला काहीतरी हललं. अंगठ्याएवढा एक बेडूक. पाठ जांभ्याच्याच रंगाची, म्हणून आधी दिसला नाही. वळला तेव्हा कुशीवरचे हळदीसारखे पिवळे पट्टे दिसले. थोड्या वेळाने त्याच्या आजूबाजूला आणखी तीन-चार दिसले. सगळे त्या पाण्याकडे निघाले होते. दोन दिवसांपूर्वी तिथे पाणी नव्हतं आणि ऊन पडलं असतं तर दोन दिवसांनी पुन्हा नसतं.

तेव्हा मला मामांचा सातबारा आठवला. जगाच्या पाठीवर आजवर फक्त आंबोलीच्या परिसरातून नोंदवला गेलेला, 'अतिसंकटग्रस्त' म्हणून आंतरराष्ट्रीय लाल यादीत गेलेला हा जीव ज्या जमिनीवर जगतो, तशा जमिनीला आपल्या दप्तरात 'खराब' म्हणतात. या लेखात मला एवढंच मांडायचं आहे: या बेडकाच्या घराण्याचं वर्गीकरण शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये सुधारलं, पण त्याच्या घराचं वर्गीकरण सुधारायचं राहिलं आहे, आणि दुसरी चूक तशीच ठेवली तर पहिली सुधारून फारसं काही हाती लागणार नाही.

आधी बेडकाविषयी. मराठीत आपण सगळ्यांना बेडूकच म्हणतो. खडबडीत, कोरड्या कातडीचे, आखूड पायांचे, लांब उडी न मारता टुणटुण चालणारे जे असतात त्यांना पाठ्यपुस्तकात 'भेक' असा वेगळा शब्द आहे, पण बोलण्यात तो कुणी वापरत नाही. आंबोलीचा हा प्राणी भेकच. शास्त्रीय नाव झॅन्थोफ्रायनी टायगरिना. ग्रीकमध्ये 'झॅन्थोस' म्हणजे पिवळा आणि 'फ्रायनी' म्हणजे भेक. टायगरिना हे कुशीवरच्या वाघासारख्या पट्ट्यांवरून. एस. डी. बिजू, इनेस व्हान बॉक्सलेर, वरद गिरी, सायमन लोडर आणि फ्रँकी बॉस्यूट या पाच जणांनी २००९ मध्ये ही नवी जाती जगापुढे मांडली आणि तिच्यासाठी नवी प्रजातीही केली.

इथे एक खुलासा करतो, कारण मराठी बातम्यांत यावर हमखास गोंधळ असतो. जाती म्हणजे नेमका एक प्रकारचा प्राणी. प्रजाती म्हणजे जवळचे नातेवाईक असलेल्या जातींचं घराणं. 'बेडकाची नवी प्रजाती सापडली' असं छापून येतं तेव्हा दहापैकी नऊ वेळा नवी जाती सापडलेली असते. आंबोलीच्या बाबतीत मात्र दोन्ही गोष्टी एकदम घडल्या होत्या.

या घराण्यातला दुसरा सदस्य आपल्याला आधीपासून माहीत होता. कोयना धरणाचं काम पूर्ण होत आलं होतं त्या काळात, १९६३ मध्ये, सोमण यांनी कोयनेच्या खोऱ्यातल्या हुंबरळी भागातून एका भेकाचं वर्णन केलं आणि त्याला कोयनेचं नाव दिलं. तो गेला 'ब्युफो' या प्रजातीत. त्या काळी जगभरचे बहुतेक भेक याच एका पेटाऱ्यात टाकले जायचे: युरोपातले, आफ्रिकेतले, दक्षिण अमेरिकेतले, आणि आपल्या अंगणात दिव्याखाली किडे टिपायला येणारा तो नेहमीचा भेकसुद्धा. २००६ मध्ये जनुकांच्या आधारे या पेटाऱ्याची मोठी उस्तवार झाली. अंगणातल्या भेकाला डुट्टाफ्रायनस हे नवं घर मिळालं. उभयचरांचे भारतीय अभ्यासक एस. के. दत्ता यांच्या नावावरून. आणि कोयनेचा भेक? त्याची जनुकं, त्याचा सांगाडा, त्याच्या कुशीवरचे पिवळे ठिपके पाहिल्यावर लक्षात आलं की तो कुणाच्याच घरात बसत नाही. त्याचा एकच सख्खा भाऊ आहे आणि तो आंबोलीच्या सड्यावर आहे. म्हणजे ब्युफोच्या गर्दीत शेहेचाळीस वर्षं एक आडनाव हरवलं होतं. आज या प्रजातीत दोनच जाती आहेत, आणि दोन्ही महाराष्ट्राच्या सह्याद्रीतल्या. एक अख्खं घराणं असं आपल्या राज्यात नांदत असल्याची किती उदाहरणं असतील?

'नाव बदलल्याने बेडकाला काय फरक पडतो?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि विचारणारे भले लोक असतात. फरक पडतो, आणि तो नकाशावर पडतो. लाल यादीत एखाद्या जातीला कोणत्या पायरीवर बसवायचं याचे निकष ठरलेले आहेत. त्यातला एक निकष व्याप्तीचा. जातीचा पसारा शंभर चौरस किलोमीटरहून कमी असेल, किंवा प्रत्यक्ष वस्तीचं क्षेत्र दहा चौरस किलोमीटरहून कमी असेल, आणि जोडीला अधिवास घटतो आहे, वस्ती एकाच ठिकाणी आहे अशा अटी पुऱ्या होत असतील, तर ती अतिसंकटग्रस्त. त्याच्या खालच्या, 'संकटग्रस्त' पायरीसाठी पसाऱ्याची मर्यादा पाच हजार चौरस किलोमीटर आणि वस्तीची पाचशे. आंबोलीचा भेक वरच्या पायरीवर आहे, कोयनेचा खालच्या. आता समजा कुणी ठरवलं असतं की कोयनेचा काय नि आंबोलीचा काय, भेक एकच. मग नकाशावर साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत एकच मोठा पट्टा रंगवला गेला असता. मधल्या दोन जिल्ह्यांत तो आहे की नाही हे कुणी तपासलं नसतं, पण पट्ट्याकडे पाहून वाटलं असतं की एवढ्या मोठ्या मुलखात पसरलेल्या प्राण्याची काळजी कशाला करायची. चुकीचं नाव नकाशा फुगवतं, आणि फुगलेला नकाशा धोका झाकतो.

हे मी कल्पनेने सांगत नाही. भाताच्या खाचरातल्या बेडकाच्या बाबतीत हेच घडलेलं आहे. पाऊस सुरू झाला की बांधाबांधावर ओरडणारा तो छोटा बेडूक शंभराहून जास्त वर्षं 'लिम्नोकॅरिस' या एका नावाखाली भारतापासून जपानपर्यंत एकच समजला जात होता. ते नाव मुळात १८२९ मध्ये जावा बेटावरच्या बेडकाला दिलेलं. नेल्सन अ‍ॅनंडेल, जे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक होते, त्यांनी १९१९ मध्येच मुंबई इलाख्यातल्या नमुन्यांवरून आपल्याकडचा बेडूक थोडा वेगळा आहे हे ओळखून त्याला 'सह्याद्रेन्सिस' असं नाव दिलं होतं, पण तेही लिम्नोकॅरिसचाच एक पोटभेद म्हणून. जनुकांची तपासणी स्वस्त झाली, बेडकांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ताडून पाहता येऊ लागले, आणि मग एकापाठोपाठ एक जाती बाहेर आल्या. २०१५ मध्ये एकीचं नाव 'गोमान्तकी' ठेवलं गेलं, २०१८ मध्ये दुसरीचं 'गोएंची', म्हणजे कोकणीत गोव्याची. या साऱ्या आपल्या बांधावर, आपल्या घाटात होत्याच. आपण त्यांना जावाचं नाव देऊन मोकळे झालो होतो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. काही जाणकार म्हणतात की हल्ली जाती फोडायचा उत्साह वाढला आहे. जनुकांत थोडा फरक दिसला की नवं नाव, नवा शोधनिबंध, बातमी. १९८५ मध्ये जगातल्या उभयचरांची पहिली मोठी सूची छापली गेली तेव्हा तीत चार हजारांच्या आसपास नावं होती. आज आठ हजारांहून जास्त आहेत. प्राणी वाढले नाहीत, नावं वाढली, मग यातली टिकणारी किती? प्रश्न रास्त आहे. काही नावं पुढे मागे घेतली जातील, दोन जाती पुन्हा एक ठरतील. पण ती माघारही पुराव्यानेच होईल. नमुना संग्रहालयात ठेवलेला असतो, तो कुठे मिळाला ते लिहिलेलं असतं, जनुकांचा क्रम कुणालाही तपासता येतो. मला यातली शिस्तच महत्त्वाची वाटते. जुनं नाव चुकलं होतं असं म्हणायला इथे कुणाला कमीपणा वाटत नाही. कोयनेच्या भेकाची प्रजाती बदलली म्हणून सोमणांचं काम पुसलं गेलं नाही. जातीला त्यांनी दिलेलं कोयनेचं नाव अजून तसंच आहे.

उलट मला काळजी वाटते ती नावं जास्त होण्याची नाही, नावं देऊ शकणारी माणसं कमी होण्याची. महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या पोरांना वर्गीकरणाचं काम करायचं असेल तर त्यांना पगार कोण देणार? पुण्यातल्या मोजक्या अभ्यासकांनी, बहुतेकांनी शिकवण्याची नोकरी सांभाळून, उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर गेल्या वीस वर्षांत जे काम केलं आहे त्याची मराठी वाचकाला कल्पनाही नाही. २०१४ मध्ये आंबोलीतूनच एक उड्या मारणारा बेडूक वर्णन झाला, कातळाच्या चिरांमध्ये राहणारा. आनंद पाध्ये, निखिल मोडक आणि नीलेश डहाणूकर यांनी त्याला 'चिरवासी' नाव दिलं. जगात कुठेही हे नाव उच्चारलं गेलं तरी ते आपल्याला कळेल असं आहे. चीर म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा बेडूक कुठे शोधायचा तेही ठाऊक आहे.

आणि आंबोलीत एवढंच नाही. त्याच २००९ सालात 'आंबोली' हेच नाव मिरवणारा एक झाडबेडूक वर्णन झाला, तोही अतिसंकटग्रस्त. २००३ मध्ये तिथून गांडुळासारखा दिसणारा, बिनपायांचा एक उभयचर वर्णन झाला होता. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारं, सावंतवाडीहून घाट चढून आलं की लागणारं हे एक गाव. एका गावाच्या नावावर एवढं जीवशास्त्र!

आता घराकडे वळतो, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

सडा उन्हाळ्यात मेल्यासारखा दिसतो. काळा-तांबडा जांभा, करपलेलं गवत, भाजणारी हवा. उपग्रहातून पाहिलं तर उघडा खडक. आपल्या देशात पडीक जमिनींचा एक अधिकृत नकाशासंग्रह आहे. केंद्र सरकारचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचं दूरसंवेदन केंद्र तो तयार करतात. त्यात पडीक जमिनीचे प्रकार पाडलेले आहेत आणि त्यातला एक प्रकार 'उघडी, खडकाळ जमीन' असा आहे. महसुली दप्तर पोटखराब म्हणतं, उपग्रहाचा नकाशा पडीक म्हणतो, आणि वनखातं झाडं नाहीत म्हणून जंगल म्हणत नाही. तिन्ही दप्तरांत सड्याची नोंद आहे, आणि तिन्हींत ती उणेपणाची आहे: पीक नाही, माती नाही, झाड नाही.

पण जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सड्यावर काय असतं? खळग्यांत पाणी साचतं, त्याच्या कडेला बोटभर मातीत किडे खाणाऱ्या वनस्पतींची निळी-जांभळी फुलं येतात, गेंदाचे पांढरे गोंडे येतात. याच फुलांसाठी लोक कास पठारावर रांगा लावतात. कास २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं, सह्याद्रीतल्या एकूण एकोणचाळीस ठिकाणांपैकी एक म्हणून. कोयना, चांदोली आणि राधानगरी ही महाराष्ट्रातली बाकीची तीन. म्हणजे पठार हे स्वतंत्र, मोलाचं परिस्थितीविश्व आहे हे आपण एका ठिकाणी मान्य केलेलंच आहे. कासचा खडक वारसा आणि शेजारच्या गावातला तसाच खडक खराबा, हे कुठल्या न्यायाने?

भेकाच्या दृष्टीने त्या खळग्यांमध्ये सगळं आयुष्य आहे. पहिल्या पावसाला नर-मादी तिथे जमतात, उथळ पाण्यात अंडी घालतात, आणि खळगा आटण्याच्या आत बेडूकमाशांना पाय फुटून बाहेर पडावं लागतं. विहिरीत, तळ्यात त्यांचं काम नाही. तिथे मासे आहेत, खेकडे आहेत. आटणारं पाणी हेच त्यांचं संरक्षण. आता या सड्यावर मुरूम टाकून सपाटी केली, चिरेखाण, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापून काढायची खाण, उघडली, किंवा प्लॉट पाडून रस्ता केला, तर सडा नकाशावर तेवढाच राहतो, पण खळगे गेलेले असतात. आणि भल्या हेतूनेही हे होऊ शकतं. राज्यात २०१६ पासून दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी, तेहेतीस कोटी अशा चढत्या आकड्यांच्या वृक्षलागवडीच्या मोहिमा झाल्या. झाडं लावावीत, जरूर लावावीत. पण एवढे खड्डे खोदायला गावाला 'रिकामी' जमीन शोधावी लागते, आणि पडीक असं लिहिलेली जमीन सगळ्यात आधी पुढे येते. सड्यावर जांभा फोडून लावलेलं रोप बहुधा एप्रिलपर्यंत वाळतं, आणि फोडलेला खळगा परत भरून येत नाही. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, कोल्हापूरकडच्या पठारांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. प्रत्येक वेळी जागा निवडणाऱ्याच्या हातात जो कागद होता त्यावर तिथे काहीच नाही असं लिहिलेलं होतं. त्या माणसाला मी दुष्ट म्हणणार नाही. त्याने कागद वाचला.

यावर मला सांगितलं जातं की संरक्षण तर झालं आहे. आंबोली-दोडामार्ग भागाला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली, ही चांगलीच गोष्ट आहे, तिचा मला आनंद आहे. पण वन्यजीव कायद्यातलं संवर्धन राखीव क्षेत्र सरकारी जमिनीवरच करता येतं. भेकाला सर्व्हे नंबर कळत नाही. आंबोली, गेळे आणि चौकुळ या तीन गावांत तर जमीन कुणाची हाच प्रश्न वर्षानुवर्षं भिजत पडला आहे. सावंतवाडी संस्थानच्या काळापासूनचे कबुलायतदार गावकर, म्हणजे संस्थानाशी करार करून जमीन कसणारे गावकरी, त्यांच्या कसण्याच्या जमिनी, त्यावर चढलेलं सरकारचं नाव, त्या परत मिळाव्यात म्हणून झालेली आंदोलनं. या गावकऱ्यांचा हक्क खरा आहे आणि तो त्यांना मिळायला हवा. बेडूक वाचवायच्या नावाखाली तो लांबवणं हा अन्याय होईल, आणि त्याने बेडूकही वाचणार नाही. ज्या माणसाला आपली जमीन उद्या आपली राहील की नाही हे माहीत नाही, तो तिच्यावरच्या खळग्याची राखण का करील? हक्काचा निकाल लागला की लगेच पुढचा प्रश्न येतो: वाटणीत आलेल्या सड्याचं करायचं काय. त्या वेळी कागदावर 'पोटखराब' एवढंच लिहिलेलं असेल तर त्याचं उत्तर चिरेखाण किंवा प्लॉट असंच निघेल. २०१८ मध्ये सरकारने नियम बदलून पोटखराब (अ) जमीन लागवडीखाली आणून तिची तशी नोंद करून घ्यायची मुभा दिली. शेतकऱ्याच्या बाजूने तो निर्णय योग्यच होता. ज्याने घाम गाळून माळ पिकाखाली आणला त्याला कर्ज, नुकसानभरपाई मिळायला नको का? पण त्या निर्णयातून एक अर्थ आपोआप निघतो: खडक फोडलास तर जमिनीची किंमत वाढेल, जसा आहे तसा ठेवलास तर शून्य.

मला हे शून्य बदलायला हवं आहे. माझी मागणी मोठी नाही. पोटखराब (अ) च्या आत 'नैसर्गिक सडा' अशी एक वेगळी नोंद असावी. मालकी ज्याची त्याचीच, चराई त्याचीच, गवत त्याचं. पण त्या सड्यावर खणायचं, सपाट करायचं, अकृषिक करायचं असेल तर आधी गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचं म्हणणं घ्यावं लागेल. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे अशी समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच ठिकाणी ही नोंदवही फक्त कागद पूर्ण करण्यासाठी लिहिली जाते. तिला काम द्या. आणि जो मालक सडा शाबूत ठेवतो त्याला दरवर्षी काहीतरी मिळालं पाहिजे. जांभा हे गौण खनिज आहे, चिऱ्यावर रॉयल्टी जमा होते, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो. चिरा काढणाऱ्याकडून घेतलेल्या पैशातला एक वाटा चिरा न काढणाऱ्याला द्यावा. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्या जर जमला तर लोक सडो राखतीत." त्यांच्या तोंडून 'राखणं' हा शब्द सड्यासाठी मी पहिल्यांदा ऐकला.

हे जमणारं नाही असं मला वाटत नाही, कारण आंबोलीतच त्याचा दाखला आहे. हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाच्या तळीत, एक छोटा मासा सापडला. २०२० मध्ये त्याचं वर्णन झालं, नदीच्या नावावरून त्याला नाव दिलं गेलं. २०२१ मध्ये राज्य सरकारने त्या तळीभोवतीचं सुमारे दोन हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. वर्णन आणि संरक्षण यांत जेमतेम वर्षाचं अंतर. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथल्या रानजायफळाच्या दलदलीलाही तसाच दर्जा मिळाला आहे. छोट्या जागा, नेमक्या हद्दी, गावाची संमती. भेकाचं वर्णन होऊन दीड दशक उलटलं. त्याला देऊळ नाही, तळी नाही, त्याचं पाणी चार महिन्यांचं आहे, म्हणून त्याच्या जागेची हद्द आखायची कशी असा प्रश्न पडतो खरा. पण खळगे दर पावसाळ्यात त्याच जागी भरतात. ते मोजता येतात.

रात्री सड्यावर जाणाऱ्यांनाही एक विनंती. आंबोलीत पावसाळ्यात बॅटऱ्या आणि कॅमेरे घेऊन येणारे लोक वाढले आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांचं या प्राण्यांवर खरंच प्रेम आहे. पण चांगल्या फोटोसाठी भेकाला उचलून दुसऱ्या दगडावर ठेवणं म्हणजे वर्षातल्या त्याच्या मोजक्या रात्रींतली एक रात्र हिरावून घेणं. आणि घाटातून, पठारावरून जाताना पहिल्या पावसाच्या रात्री गाडी हळू चालवा. रस्त्यावर चिरडलेला पिवळ्या पट्ट्यांचा भेक पाहिला की जे वाटतं ते मला इथे लिहायचं नाही.

२०२३ मध्ये जगभरच्या उभयचरांचा दुसरा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दर दहांपैकी चार जाती धोक्यात असल्याचं दिसलं. नेमका आकडा ४०.७ टक्के. पक्षी, सस्तन प्राणी यांच्यापेक्षा ही अवस्था बिकट आहे. त्या चाळीस टक्क्यांतल्या बहुतेकांसाठी आपण महाराष्ट्रात बसून काही करू शकत नाही. आंबोलीच्या आणि कोयनेच्या भेकासाठी मात्र आपल्याशिवाय दुसरं कुणी काही करू शकत नाही, कारण ते दुसरीकडे कुठे नाहीतच.

२०२१ पासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून स्वतः करतात. ई-पीक पाहणीत गट नंबर निवडायचा, पीक लिहायचं, उभ्या पिकाचा फोटो काढून पाठवायचा. मामा आता सत्तरीच्या पुढे आहेत, पण त्यांची नात हे काम दोन मिनिटांत करते. भात, नाचणी, काजू अशा नोंदी होतात. गेल्या खरिपात तिने सड्याचाही फोटो काढला. गुडघाभर गवत, निळी फुलं, आणि मध्ये आभाळ पडलेला एक खळगा. मग तिने मला विचारलं, "ह्याका मी काय लिहू?"